चार बोटांनी अडलेली गाडी

लिहून देणार मी, जागेश्वर सीताराम कापगते, वय त्र्याहत्तर, धंदा शेती, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. माझे शरीर वयाप्रमाणे आहे, परंतु डोके पूर्ण ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे गाडी ॲव्हरेज किती देते. मी खरा आकडा सांगितला. तो ऐकून त्यांना माझ्या डोक्याबद्दल शंका आली, पण तोवर शिक्का मारून झाला होता.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. माझी पत्नी ललिताबाई हिचे दडपण आहे, परंतु ते लग्नापासूनचे असल्याने येथे वेगळे धरलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून द्यावे असे काही नव्हते आणि भांडावे असेही काही नव्हते. गाडी घेतल्यापासून दोन्ही झाले.

कलम एक. राहते घर. आमच्या वडिलोपार्जित जागेची वाटणी झाली तेव्हा मागचा हिस्सा मला आला आणि पुढचा, सडकेला लागून असलेला, माझा चुलतभाऊ भैयाजी याला गेला. भैयाजी माझ्यापेक्षा वर्षाने लहान आहे, पण चिठ्ठी उचलताना त्याने मोठेपणा दाखवून आधी हात घातला. तेव्हापासून माझ्या दारी यायचे तर भैयाजीच्या भिंतीला घासून जाणाऱ्या गल्लीतूनच यावे लागते. हे घर माझ्या पश्चात ललिताबाईकडे तहहयात राहील, नंतर मुलगा चंद्रकुमार याच्याकडे. चंद्रकुमार नागपूरला असतो. त्याने घर विकू नये. निदान मांजरे आत व्यायली का ते पाहायला तरी यावे.

कलम दोन. शेती. तलावाच्या पाळीखालच्या माझ्या धानशेतीच्या साऱ्या बांध्या चंद्रकुमारला. धान लावो, ठेक्याने देवो, त्याची मर्जी. फक्त कोपऱ्यातली जी बांधी पाणी धरत नाही, तिच्यात वांगी लावायचा प्रयोग त्याने करू नये. मी केला आहे. त्या वांग्यांची भाजी ललिताबाईने पूर्ण मोसमभर रांधली आणि एक शब्द बोलली नाही, ते मला जास्त लागले.

कलम तीन. बँकेतील शिल्लक ललिताबाईला. पासबुक पाहावे, फार वेळ लागणार नाही. सडक रुंद करताना माझी जमीन गेली तिचा मोबदला कुठे आहे, असे कोणी विचारू नये. तो भैयाजीच्या अंगणात उभा आहे.

कलम चार. सदर मोबदला, म्हणजे गाडी. वर्णन: एसयूव्ही, लक्झरी, प्रीमियम, मधल्या आकाराची, रंग असा निळा की संध्याकाळी काळा वाटतो. हे वर्णन माझे नाही. शोरूममध्ये एक कोटवाली पोरगी होती, तिने ते एका दमात म्हटले आणि मला पाणी दिले. पाण्यात लिंबाची चकती होती. मी चकती बाजूला काढून पाणी प्यालो, तर चंद्रकुमार खालमानेने फरशीकडे पाहू लागला.

तो म्हणाला, "बाबा, एवढ्या पैशात नागपुरात फ्लॅट होते. तुमाले काय करायची एवढी मोठी गाडी?"

मी म्हणालो, "तुया फ्लॅटात बसून मी तुया आईले चिखल्याले नेऊ शकतो का?"

हे नीट नोंदवून ठेवणे जरूर आहे, कारण गावात लोक काहीबाही बोलतात. तुमसरच्या पलीकडे चिखला आहे, मँगनीजच्या खाणीचे गाव. ललिताबाईची सख्खी मोठी बहीण शकुंतलाबाई तिथे खाणीच्या कॉलनीत राहते. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात, पण भेट नाही. ललिताबाईचे गुडघे गेले आहेत. चिखल्याला जायचे तर साकोलीला उतरा, भंडाऱ्याला उतरा, तुमसरला उतरा, मग जीप धरा. आणि एसटीच्या पहिल्या पायरीवरच तिचा पाय चढत नाही. मागे एकदा कंडक्टरने आणि मी मिळून तिला वर घेतले, तर ती दुसऱ्या दाराने खाली उतरून घरी आली आणि म्हणाली, मी धानाचा पोता आहो का?

तर त्या शोरूममध्ये कोटवाल्या पोरीने गाडीचे दार उघडले आणि दाराखालून एक पायरी आपोआप बाहेर आली. बुटकी, रुंद, वर रबर लावलेली. मी दार लावले, पायरी आत गेली. उघडले, बाहेर आली. असे मी बराच वेळ केले. चंद्रकुमार म्हणाला, बाबा, बस झाले. मी गाडी त्या पायरीसाठी घेतली आहे. बाकीची गाडी त्या पायरीसोबत आली.

बाकीचीही वाईट नाही. सीटच्या आतून थंड हवा येते, थेट बुडाखालून. पहिल्यांदा ती लागली तेव्हा मी दचकून उठलो आणि डोके छताला आपटले, पण छतही गादीसारखे मऊ आहे. छताला मोठी काच आहे, ती सरकते. त्या काचेतून वर उभे राहण्याचा हक्क माझी नात टीना हिला मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांपुरता देत आहे, बाकी वर्षभर तिने बसून राहावे. डिकीखाली पाय हलवला की डिकी उघडते. भैयाजीने अडलेल्या बैलाला मारतात तशी लाथ हाणली, तरी उघडली. गाडी सोशिक आहे.

आता आकाराबद्दल. गाडी माझ्या दारापर्यंत का जात नाही, हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे आणि साऱ्या तालुक्याला ते चुकीचे माहीत आहे. गल्लीच्या तोंडाशी भैयाजीचा ओटा आहे. त्या ओट्याला न लागता माझी बैलबंडी आजवर आत आली. म्हणून मी बंडीची एका चाकाच्या बाहेरून दुसऱ्या चाकाच्या बाहेरपर्यंत मापाची बांबूची काडी काढली आणि ती घेऊन शोरूमला गेलो. सर्वात मोठी गाडी काडीला भारी पडली. सर्वात लहान गाडीत पायरी नव्हती. मधली गाडी काडीला अगदी बरोबर आली, टायरपासून टायरपर्यंत. चंद्रकुमार म्हणत होता की रुंदी पुस्तिकेत छापलेली असते. मी म्हणालो, छापलेले वाचायचे असते, मोजायचे असते ते काडीने.

बंडीत सर्वात रुंद काय असते? चाक. चाकाच्या बाहेर बंडीचे काहीही नसते. ही गाडी मात्र चाकांच्या वर दोन्ही बाजूंनी पोट सुटलेली निघाली, आणि पोटाच्या वर दोन आरसे. आरसे मिटतात. पोट मिटत नाही. ही चूक माझी नसून गाडीची आहे, असे मी येथे स्पष्ट करतो.

परिणामी ती ओट्यापाशी चार बोटांनी अडली. माझी बोटे, भैयाजीची नव्हे, त्याची जाड आहेत.

कलम पाच. पहिल्या दिवशी जे घडले त्याबाबत. ललिताबाई आमच्या दारात आरतीचे ताट घेऊन उभी होती. नवी साडी नेसली होती. गाडी पुढे जाईना, मागे येईना. मी आत बसलेलो, कॅमेरा मला भैयाजीची म्हैस दाखवत होता. शेवटी मागे घेऊन गाडी भैयाजीच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली लावली. सडकेवर ठेवली असती तर बकऱ्या टपावर चढल्या असत्या. तेवढ्यात भैयाजीची बायको निर्मलाबाई हिने आपल्या घरातले कुंकू आणून बॉनेटला लावले आणि नारळही फोडला. तिचा हेतू चांगला होता. परंतु गल्लीच्या त्या टोकाला ललिताबाईने ताटातला दिवा फुंकला आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने ठरवले की गाडी आपल्या दारातून निघेल तेव्हाच ती गाडीत बसेल.

मी म्हटले, "अवं, सडकेपर्यंत चाल, तिथं गाडी आनतो."

ती म्हणाली, "लोकं म्हनतीन, ललिताबाई भैयाजीच्या गाडीत बसून चालली. मले नाई पायजे."

आणि लोक खरेच तसे म्हणतात. भैयाजीच्या अंगणात उभी म्हणून भैयाजीची गाडी. भैयाजीची नात रक्षा हिला पाहायला अड्याळचे पाहुणे आले तेव्हा ते आधी गाडीभोवती फिरले आणि मग मुलीकडे वळले. मी गाडी पुसत होतो. त्यांनी मला विचारले, ड्रायव्हरसाहेब, ॲव्हरेज किती देते? पोरीचे लग्न जुळते आहे, म्हणून मी फक्त आकडा सांगितला. जाताना त्यांनी मला ड्रायव्हरचा मान म्हणून दुपट्टा दिला. भैयाजीने ते पाहिले आणि तो म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला. पुढे रक्षाने स्वतःच मुलाला खरे सांगितले, मुलगा हसला, लग्न ठरले. दुपट्टा माझ्याजवळ आहे. तो कोणालाही देऊ नये.

कलम सहा. किरकोळ. बंडी, जू आणि गुळाची मोठी कढई चंद्रकुमारला, जरी त्याला जू कोणत्या बाजूने धरतात ते माहीत नाही. गाडीची दुसरी चावी ललिताबाईला. सध्या ती तिच्या पोथीत खूण म्हणून ठेवलेली आहे. भैयाजी रोज संध्याकाळी गाडीत माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसतो, हा त्याचा वहिवाटीचा हक्क समजला जाऊ नये. वाटणीनंतर वीस वर्षे तो माझ्याशी बोलला तो फक्त जनावरांबद्दल: तुझा गोऱ्हा माझ्या परसात आला, तुझी गाय बांध. गाडी आल्यावर मी रोज पुसायला जाऊ लागलो. तो ओट्यावरून पाहायचा. एक दिवस म्हणाला, आतून कशी हाय? मी म्हणालो, बसून पाह्य. तेव्हापासून आम्ही काचा वर करून बसतो. डास येत नाहीत. सडकेवरून कोण गेले, कोण कशाला गेले, ते बोलतो. आतल्या दिव्याचा रंग बदलता येतो. त्याला जांभळा आवडतो, मला तो दवाखान्यासारखा वाटतो, यावरून रोज भांडण होते.

कलम सात. ओट्याबाबत. भैयाजीने चार बोटे ओटा छाटून द्यावा म्हणून मी त्याला कितीदा सांगितले. तो म्हणतो, पाहू. भैयाजी तोंडाला भीत नाही, कागदाला भितो, म्हणून कागदावर लिहितो. माझ्या तेरवीपर्यंत भैयाजीने ओटा छाटला, तर त्याच्या बांधीला लागून असलेली माझी एक बांधी त्याला मिळेल आणि गाडी ललिताबाईच्या दारी जाईल. न छाटल्यास चंद्रकुमारने गाडी विकून टाकावी, म्हणजे ती कोणाच्याच अंगणात राहणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, मेल्यावर ओटा तुटून तुम्हाला काय फायदा? मी म्हणालो, तुम्ही लिहा.

येथून पुढचा मजकूर निळ्या शाईत व माझ्या हाताने आहे. त्याचे कारण देतो.

आमच्या भावकीत कागदावर भाऊबंदाची साक्ष नसली तर पुढे तो कागद कोणी मानत नाही. म्हणून आज सकाळी मी हे मृत्युपत्र घेऊन भैयाजीकडे गेलो. आम्ही गाडीतच बसलो, नेहमीसारखे. त्याने चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचू लागला. वांग्यांपाशी हसला. दुपट्ट्यापाशी खोकला. सातव्या कलमापाशी त्याचे बोट थांबले ते थांबलेच.

मग म्हणाला, "ओटा छाटाले एक सब्बल अन् अर्धा दिवस लागते, दादा. मनात असतं तर कवाचाच छाटला असता."

"मंग काहून नाई छाटला?"

"गाडी तुया अंगनात गेली तर तू कायले येशीन इकडं? वीस वर्सं नाई आला. गाडी हाय म्हनून येऊन राहिला."

मी सीटची हवा वाढवली. ती आधीच पूर्ण होती. भैयाजी समोरच्या काचेतून सडकेकडे पाहत राहिला, सडकेवर कोणी नव्हते. मला रडू आले, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. लहानपणी आम्ही दोघे एका खाटेवर झोपायचो, तेव्हा तो पांघरूण ओढायचा. तेवढेच आठवत राहिले.

काच खाली होती हे आमच्या लक्षात नव्हते. ललिताबाई काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. माझा फोन घरी राहिला होता, त्यावर शकुंतलाबाईचा फोन आला होता की चिखल्याला मंडई आहे, यंदा तरी ये, माझे काही खरे नाही. तो निरोप सांगायला ललिताबाई आली आणि तिने सारे ऐकले.

भैयाजी घाईने उतरला. "वहिनी, उद्याच ओटा छाटून देतो. शब्द."

"ओट्याले हात लावू नोका, भाऊजी. मले ओटा आडवत नाई, मले लोकं आडवते. गाडी कोनाची हाय, ते एकडाव साऱ्यायले सांगून द्या. मंग मी इथूनच बसतो."

समोर पानठेल्यावर गावातला यादोराव आणि आणखी काही जण उभे होते. भैयाजीने माझ्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. ती त्याच्या अंगणात किती शोभते हे मला ठाऊक आहे, मी रोज पुसतो. तो हळूच आपल्या ओट्यावर चढला, धोतर सावरले आणि म्हणाला, "आयका रे. हे गाडी जागेश्वरदादाची हाय. माही नोहे. कधीच नोहती. मी तिच्यात फुकट बसतो."

पानठेल्यावरून यादोराव म्हणाला, "मंग इतके दिवस ॲव्हरेज तुले काहून इचारत होतो मी?"

निर्मलाबाई आतून आरतीचे ताट घेऊन आली. पण या वेळी तिने स्वतः कुंकू लावले नाही. ताट ललिताबाईच्या हातात दिले आणि तिची काठी धरून उभी राहिली. ललिताबाईने बॉनेटला कुंकू लावले, एका चाकालाही लावले, मग मी दार उघडले. पायरी बाहेर आली. ललिताबाईने ती पाहिली, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि आत जाऊन बसली. कोणाला हात लावावा लागला नाही.

ती म्हणाली, "एवढीशी पायरी होती, तं आधी सांगाचं ना."

मी तिला सांगितले होते. कितीदा तरी सांगितले होते. पण त्या वेळी मी तसे म्हणालो नाही.

भैयाजीला मागच्या सीटवर बसावे लागले. आम्ही तसेच चिखल्याला निघालो. भंडाऱ्याच्या पुढे त्याने जांभळा दिवा लावा म्हणून सांगितले, भरदुपारी.

तेव्हा कलम सात मी खोडले आहे. खोडलेले वाचता येते, चंद्रकुमारने ते जरूर वाचावे. त्याऐवजी असे लिहितो: गाडी माझ्या पश्चात ललिताबाईच्या मालकीची. ती भैयाजीच्या अंगणातच उभी राहील, त्याच्या हयातीत तिथून कोणी हलवू नये आणि ओट्याला कोणी सब्बल लावू नये. कलम सहामधील वहिवाटीबाबतचे वाक्यही रद्द समजावे. साक्षीदाराला काही मिळू नये असे वकीलसाहेब सांगत होते. भैयाजीला फक्त बसायची जागा मिळते आहे, ती मिळकत नव्हे, असे माझे मत आहे.

आणि चंद्रकुमार, हे कायद्यात बसते की नाही मला माहीत नाही. मी नसेन तेव्हा सणावाराला गावी आलास की संध्याकाळी थोडा वेळ जाऊन गाडीत बैस. काका बाजूच्या सीटवर येऊन बसेल. काही बोलला नाही तरी चालेल. हवा सुरू ठेव.

घाईत सह्या सानगडीला राहून गेल्या, म्हणून त्या येथे करीत आहोत. शकुंतलाबाईने साक्ष म्हणून गाडीच्या काचेतून हात बाहेर काढून सही केली आणि काच लगेच वर केली. दोघी बहिणी केव्हाच्या पुढच्या दोन सीटवर बसून आहेत. आत काय बोलून राहिल्या ते ऐकू येत नाही, फक्त दोघींचे तोंड हलताना दिसते. मी आणि भैयाजी बाहेर उभे आहोत. बॉनेटवर कागद ठेवून लिहितो आहे.

लिहून देणार: जागेश्वर सीताराम कापगते (सही)

साक्षीदार:
१. भैयाजी तुकाराम कापगते, राहणार सानगडी (सही). वाचून पाहिले, मान्य आहे. वापस जाताना समोर मी बसीन.
२. शकुंतलाबाई, राहणार चिखला, खाण कॉलनी (सही)

स्थळ: चिखला, तालुका तुमसर, शकुंतलाबाईच्या दारात
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५